उसगाव तिस्काजवळचं लेथ वर्कशॉप: आमच्या एमजीएचं इंजिन, चोवीस मापं आणि सात आठवडे

मी गोव्यात फोंड्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. दरवर्षी जूनमध्ये अकरावीचं पहिलं प्रात्यक्षिक व्हर्नियर कॅलिपरचं आणि दुसरं स्क्रू गेजचं असतं. मुलं एकदा माप घेतात आणि तोच आकडा वहीत पाच वेळा उतरवतात. मी वही परत देते. पुन्हा घ्या, तार फिरवून घ्या, दुसऱ्या जागी घ्या. वीस वर्षं हेच सांगत आले आहे, त्यामुळे गाडीचं इंजिन कुणाच्या हाती द्यायचं हे ठरवताना मी एकच गोष्ट पाहिली: हा माणूस मशीन सुरू करण्याआधी माप घेतो का, आणि किती वेळा घेतो.

असं एक वर्कशॉप मला फोंड्याहून उसगाव तिस्क ओलांडून धारबांदोड्याकडे जाताना सापडलं. रस्त्यावरून फक्त पत्र्याची शेड आणि चिऱ्यांची बुटकी भिंत दिसते. बोर्ड नाही. मालकांना नाव छापून आलेलं आवडणार नाही, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं, म्हणून मी त्यांना इथे मेस्त, म्हणजे मिस्त्री, म्हणते. तिथे सगळे त्यांना तेच म्हणतात.

आधी गाडीबद्दल, कारण त्याशिवाय काम कळणार नाही. एमजीए १५००, १९५८ सालची, दोन माणसांची उघडी गाडी. इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात हे मॉडेल तयार झालं, एक लाखाहून थोड्या जास्त गाड्या, आणि त्यातल्या बहुतेक परदेशी गेल्या. आमची माझ्या मामांनी १९७४ मध्ये लोटलीच्या एका कुटुंबाकडून घेतली. ते लोक लिस्बनला निघाले होते. मामांनी ती पंधरा वर्षं चालवली. नंतर कवळ्याच्या घरी गोठ्याशेजारच्या कौलारू पडवीत तिच्यावर ताडपत्री पडली ती पडलीच. लहानपणी त्या गाडीत बसायचं म्हणजे मला सगळ्यात अप्रूप दाराचं. बाहेरून कडीच नाही. आत हात घालायचा, दाराच्या खिशातली दोरी चाचपायची आणि ओढायची. आजही दार उघडताना माझा हात आपोआप त्या दोरीकडे जातो.

मामा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. पाच वर्षं झाली, शनिवार-रविवार मी आणि माझा नवरा घरच्या घरी ती उभी करतोय. बरंच काम घरी होतं. या गाडीचं फ्लोअर प्लायवुडचं असतं हे ऐकून आमच्या सुताराने कपाळाला हात लावला, मग होड्यांना वापरतात तो मरीन प्लाय आणून दोन दिवसांत नवं फ्लोअर कापून दिलं. दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे तिथे गंज नाही. बाकी पत्र्यावर मात्र गोव्यातल्या तीसेक पावसाळ्यांचा गंज. चेसिस आम्ही घासून, रंगवून घेतली. वायरिंग मी स्वतः केलं. पण सिलिंडरचं बोअरिंग (आतली भिंत कोरून मोठी करणं), क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) घरी होत नाही. त्याला मशीन लागतं आणि मशीनमागे माणूस लागतो.

सगळ्यांनी एकच सांगितलं: बेळगावला जा. चोर्ला घाट चढून जायचं, ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा सांगाडा, टाकून यायचं, पंधरा दिवसांनी आणायचा. बेळगावात चांगले कारागीर आहेत यात शंका नाही. पण मला कामाच्या वेळी शेजारी उभं राहायचं होतं, आणि त्याला कारण आहे. बारा वर्षांपूर्वी आमच्या फियाटचं हेड मी दूरच्या एका शहरात फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवलं होतं. परत आलं ते आरशासारखं चकचकीत. बसवल्यावर इंजिन चढणीला ठोके देऊ लागलं. हेडची जाडी मोजली तेव्हा कळलं की गरज असो-नसो, त्यांनी भरपूर धातू उतरवला होता. हेड आधीही कधीतरी घासलेलं होतं हे कुणी पाहिलंच नाही. ते हेड भंगारात गेलं. तेव्हापासून चकचकीत पृष्ठभाग पाहिला की मी आधी विचारते, किती काढलं?

मेस्तांकडे मी पहिल्यांदा गेले ती एकटी, रिकाम्या हाताने, नुसती बोलायला. शेडच्या मागच्या बाजूला एक लांबलचक क्रँकशाफ्ट ग्राइंडर आहे. एवढ्या छोट्या वर्कशॉपमध्ये एवढं मोठं मशीन कसं, म्हणून विचारलं. ते खाणींच्या दिवसांतलं. तेव्हा या रस्त्यावर खनिजाच्या टिपर ट्रकची रांग तुटत नव्हती, आणि मांडवी-झुआरीतून खनिज मुरगाव बंदराकडे नेणाऱ्या बार्जेसची इंजिनंही इथे यायची. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या, आणि २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. टिपर गेले. हाताखालची पोरं दुबईला, कुणी वेर्ण्याच्या कारखान्यांत गेली. मशीन तेवढं राहिलं. मेस्त रोज त्याच्या स्लाइडला तेल लावतात, काम असो वा नसो. मी ते तेल बोटाने पाहिलं, ताजं होतं. तिथेच माझं निम्मं मन बनलं.

मग मी इंजिनबद्दल सांगायला लागले आणि त्यांनी मला मध्येच थांबवलं. "टीचर, १४८९ सीसी म्हणजे अ‍ॅम्बॅसेडरचंच की!" बरोबर होतं. एमजीए १५०० मधलं बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज इंजिन आणि आपल्या जुन्या अ‍ॅम्बॅसेडरचं पेट्रोल इंजिन एकाच घरातलं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७३.०२५ मिलिमीटर, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८८.९. ज्या इंजिनावर हिंदमोटरच्या गाड्या वर्षानुवर्षं धावल्या, त्याचाच हा धावपटू भाऊ, वेगळं हेड आणि दोन एसयू कार्बोरेटर घेऊन आलेला. मेस्तांनी अशी इंजिनं शेकड्यांनी उघडलेली. या गाडीसाठी इंग्लंडहून सगळं मागवावं लागेल या भीतीने मी वर्षभर थांबले होते, आणि इथे हा माणूस हाताने हवेत त्या ब्लॉकचं चित्र काढत होता.

जूनच्या मध्यावर आम्ही ब्लॉक, क्रँक आणि हेड टेम्पोत घालून नेलं. मी तासाभरात परतायचं ठरवलं होतं. मेस्त म्हणाले, आज नाही, उद्या सकाळी सातला या. कारण विचारलं तर म्हणाले, टेम्पोतून आलेला ब्लॉक एक रात्र शेडमध्ये राहू दे, गेज आणि ब्लॉक एकाच तापमानाला येऊ देत. मी वर्गात प्रसरण शिकवते. माझ्या मापाला कुणी प्रसरणाचा हिशेब लावेल असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगते. मेस्तांनी आधी मायक्रोमीटर ठरावीक मापाला लावून त्यावर बोअर गेज शून्य केला. मग गेज पहिल्या सिलिंडरमध्ये उतरवला आणि हलके डोलावत राहिले, मागे-पुढे, मागे-पुढे, सुई ज्या बिंदूवरून परत फिरते तो बिंदू सापडेपर्यंत. वरच्या कड्याच्या खाली एक माप, मध्ये एक, तळाशी एक. मग गेज काटकोनात फिरवून पुन्हा तीन. एका सिलिंडरची सहा मापं, चार सिलिंडरची चोवीस. त्यांचा भाचा लांब वहीत लिहीत होता, आणि प्रत्येक आकडा मेस्त दोनदा उच्चारत होते. तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या मापाला त्यांना शंका आली. गेज बाहेर काढला, फडक्याने पुसला, पुन्हा शून्य केला आणि तिसरा सिलिंडर पहिल्यापासून घेतला. माझ्या मुलांना हे पाच मिनिटं दाखवता आलं असतं तर माझं वर्षाचं बोलणं वाचलं असतं.

मी एक मागणी घेऊन गेले होते, ती इथे प्रामाणिकपणे लिहिते. मला मोठा बोअर हवा होता. गाडी थोडी जोरात पळावी, क्षमता वाढवता येईल तेवढी वाढवावी, आणि हेड वीसेक थाव (थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग) उतरवून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण, तेही चढवावं, असं मी महिनाभर वाचून ठरवलं होतं. मेस्तांनी वही माझ्याकडे फिरवली. सगळ्यात जास्त झीज चौथ्या सिलिंडरला, अकरा थाव. म्हणजे दहा थावच्या ओव्हरसाइझने भिंत साफ निघणार नाही, वीसने निघेल. "वीसच्या पुढे का जायचं ते सांगा," ते म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. वीस थावने क्षमता १५१० सीसी होते, वाढ फक्त एकवीस सीसीची. पण पुढचा रिबोअर करायला भिंतीत धातू राहतो, आणि ही गाडी माझ्यानंतरही कुणीतरी चालवणार आहे. हेडच्या बाबतीतही तेच. सपाट पाटी आणि फीलर गेज लावून पाहिलं, वाक निघाला तीन थावचा. त्यांनी चार थाव काढले. तेवढेच.

सुधारणा करू नयेत असं माझं म्हणणं नाही. बॅटरीचं पॉझिटिव्ह अर्थिंग बदलून आम्ही निगेटिव्ह केलं, डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला, सीटमागच्या दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्यांऐवजी एक बारा व्होल्टची बसली. पण मूळ भाग जपून पेटीत ठेवलाय आणि उद्या तो परत बसवता येईल, एवढीच सुधारणा मला मान्य आहे. गाडी पाहायला येणारे हमखास म्हणतात, आत एखादं नवं जपानी इंजिन टाका, झंझट संपेल. २०२१ च्या जुलैत केंद्राने पन्नास वर्षांवरच्या विंटेज वाहनांसाठी नोंदणीचे नियम आणले, त्यात चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी बसत नाही. नियम नसता तरी मी ते केलं नसतं. मामांच्या पायाखाली जे इंजिन गुरगुरायचं तेच मला ऐकायचं होतं.

पिस्टनची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण तिथे माझे बरेच पैसे वाया जाता जाता वाचले. अ‍ॅम्बॅसेडरचाच बोअर आहे म्हणून मी म्हापशाहून वीस थाव ओव्हरसाइझचा पिस्टन सेट आणला. गॅस्केट, टायमिंग चेन, बेअरिंगचे शेल हे सगळं अ‍ॅम्बॅसेडरचं चाललं होतं, मग पिस्टन का नाही? मेस्तांनी माझा जुना पिस्टन आणि नवा शेजारी शेजारी ठेवले, पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची मोजली आणि मग बोट नव्या पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीत फिरवलं. वाटी खोल होती. आम्ही पिस्टनवर काच ठेवली आणि इंजेक्शनच्या सिरिंजने रॉकेल सोडून दोन्ही वाट्या भरल्या. फरक सात सीसीचा. कागदावर हिशेब केला. या गाडीचं मूळ कॉम्प्रेशन ८.३, या पिस्टनने ते साधारण ७.४ वर आलं असतं. गाडी चालली असती, पण तिचा जीव गेला असता. मी पिस्टन परत केले, दुकानदाराने घेतलेही, आणि योग्य सेट इंग्लंडहून मागवला. त्याला जकातीसकट जे लागले ते लागले. यासाठी मेस्तांनी एक पैसाही घेतला नाही, आणि माझा एक पूर्ण दुपारचा वेळ मात्र भरपूर घेतला.

हेडचं काम मला सगळ्यात आवडलं. या हेडला वॉल्व्ह सीटच्या (वॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडांच्या) मधल्या भागात तडे जाण्याची खोड असते. मेस्तांनी हेड रॉकेलने पुसलं, कोरडं केलं आणि वर खडूची भुकटी चोळली. तडा असेल तर त्यातलं रॉकेल वर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. आम्ही चहा पिऊन आलो, तरी खडू पांढराच. माझ्या तोंडून "देवा" निघून गेलं. मग चार एक्झॉस्ट सीटच्या जागा खोदून त्यात कडक पोलादाच्या रिंगा बसवल्या. हे करायलाच हवं असतं: ही इंजिनं शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातली, ते शिसं सीटला वंगणासारखं राखायचं, आणि आपल्याकडे २००० सालापासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आहे. साध्या बिडाची सीट त्यात हळूहळू खात जाते. वॉल्व्हची दांडी ज्यांतून सरकते ते आठही गाइड नवे घातले. प्रत्येक वॉल्व्ह निळा रंग लावून सीटवर दाबला आणि रंगाची वळी सगळीकडून सारखी उमटते का ते मला दाखवलं. दोन वॉल्व्ह त्यांनी स्वतःहून पुन्हा घासले. मी काही म्हटलं नव्हतं.

क्रँकच्या बाबतीत तर त्यांनी स्वतःचंच काम कमी केलं. मेन जर्नलचं, म्हणजे क्रँकचा जो भाग बेअरिंगमध्ये फिरतो त्याचं, मूळ माप दोन इंच. आमचा क्रँक कधीतरी वीस थाव ग्राइंड झालेला होता. मी पुढच्या ग्राइंडिंगचे पैसे धरून ठेवले होते. त्यांनी सगळे जर्नल मोजले, गोलाईतला फरक एक थावच्या आत निघाला, आणि नुसतं पॉलिश करून दिलं. ज्याच्याकडे एवढं मोठं ग्राइंडर कामाची वाट पाहत उभं आहे त्या माणसाने ग्राइंडिंगला नाही म्हणावं, याचं मोल मला फार वाटतं.

मागच्या टोकाला ऑइल सील बसवून द्या असंही मी म्हटलं होतं. या इंजिनाच्या क्रँकला मागे रबरी सील नसतो, क्रँकवरच आटे कापलेले असतात आणि ते फिरता फिरता तेल आत ढकलतात. इंजिन थांबलं की थेंब-दोन थेंब खाली येतात. मेस्तांचं म्हणणं, शेलचा क्लिअरन्स नीट ठेवा, ब्रीदरची नळी मोकळी ठेवा, थेंबाखाली ट्रे ठेवा. क्रँकच्या त्या टोकाला कापाकापी करून सील बसवता येतो, पण ते परत फिरवता येणार नाही. मी ट्रे ठेवला आहे.

आता जे पटलं नाही ते.

तीन आठवडे सांगितले होते, लागले सात. यात थोडी चूक माझी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, आणि नेमक्या याच दोन महिन्यांत मालिम, कुटबणचे ट्रॉलरवाले आपली इंजिनं उघडतात. १ ऑगस्टला ट्रॉलर पाण्यात गेलाच पाहिजे, नाहीतर त्यांच्या हंगामाचं नुकसान. माझ्या गाडीची कुणाला घाई? मला हे मान्य आहे. पण ते पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. मी तीनदा शाळेतून अर्धी रजा टाकून गेले आणि तीनदा ब्लॉक होता तिथेच, त्याच फळीवर. फोन ते उचलत नाहीत. भाचा उचलतो, आणि दर वेळी "जातलें, पूण रावचें पडटलें" एवढंच म्हणतो. होणार पण थांबावं लागणार, हे मलाही ठाऊक होतं. किती, ते हवं होतं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. होनिंग, म्हणजे बोअरिंगनंतर भिंतीवर दगडाने बारीक रेघा काढणं, झाल्यावर ब्लॉक धुऊन दिला असं मला सांगण्यात आलं. घरी आणून मी तेलाच्या आडव्या मार्गाची टोकाची पितळी बुचं काढली आणि आत बाटली धुवायचा लांब ब्रश घातला. ब्रश राखाडी होऊन बाहेर आला. होनिंगच्या दगडाची भुकटी. ही भुकटी तशीच राहिली असती तर पहिल्या दहा मिनिटांत नव्या शेलवर ओरखडे पडले असते आणि सगळी चोवीस मापं फुकट गेली असती. मेस्तांना फोनवर सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, बुचं आम्ही काढत नाही, गिऱ्हाईक घरी काढतं. हे मला पटत नाही. काढत नसाल तर "धुतलं" म्हणू नका. म्हणून जो कुणी तिथे जाईल त्याने हे धुण्याचं काम आपलं समजावं.

आम्ही ते न्हाणीत केलं. भाणीवर पाणी तापवलं, ब्लॉक दोन चिऱ्यांवर ठेवला, कपड्यांचा साबण आणि ब्रश. पेट्रोल किंवा डिझेलने ही भुकटी निघत नाही, नुसती पसरते. ती साबणाच्या गरम पाण्यानेच सुटते. नंतर सिलिंडरमध्ये तेल लावलेलं पांढरं फडकं फिरवायचं आणि ते पांढरंच बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. आम्हाला अकरा फडकी लागली, सासूबाईंचं एक जुनं लुगडंही त्यात गेलं.

आणि पावसाळ्याबद्दल हे नक्की लक्षात ठेवा. ब्लॉक आणायला मी गेले त्या दिवशी धो धो पाऊस होता, टेम्पो वाटेत तिस्कावर अर्धा तास अडकला. वर्कशॉपने बोअरला तेल लावून वर गोणपाट टाकलं होतं, पण गोणपाट ओलं झालं. घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली, मी म्हटलं सकाळी धुऊ. सकाळी पहिल्या सिलिंडरच्या भिंतीवर, जिथे गोणपाट टेकलं होतं तिथे, हळदीच्या डागासारखा पिवळट पट्टा. ताज्या होनिंगच्या बारीक रेघांवर एका रात्रीत गंज. माझ्या पोटात गोळा आला. सुदैवाने वरवरचाच होता, बारीक स्कॉच-ब्राइट आणि तेलाने निघाला, पण रेघा त्या जागी थोड्या बुजल्या. मी तसाच पुन्हा मेस्तांकडे नेला. त्यांनी त्याच दिवशी, ट्रॉलरचं काम बाजूला ठेवून, तेवढ्या सिलिंडरवर होन हलकेच फिरवून दिला, पुन्हा मोजून दाखवलं, आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हा जाताना आपलं जाड तेल, जाड प्लास्टिकची मोठी पिशवी आणि बांधायला सुतळी घेऊन जा. गोणपाटावर विसंबू नका. शक्य असेल तर सरळ नोव्हेंबरात जा: पाऊस नाही, ट्रॉलर समुद्रात, मेस्तांना बोलायला वेळ.

बिल असं झालं: चार सिलिंडर बोअरिंग आणि होनिंग ३,२०० रुपये, चार एक्झॉस्ट सीट ३,६००, आठ गाइड २,८००, हेड फेसिंग १,५००, क्रँक पॉलिश १,५००. एकूण १२,६००. पावती वहीच्या पानावर हाताने लिहिलेली, पण तिच्या मागे चोवीसही मापं, बोअरिंगच्या आधीची आणि नंतरची, आणि कोणता पिस्टन कोणत्या सिलिंडरचा याचे आकडे. चारही पिस्टन त्यांनी वेगवेगळे मोजून प्रत्येक सिलिंडर त्या त्या पिस्टनला जुळवून होन केला होता. ते पान मी प्लास्टिकमध्ये घालून गाडीच्या कागदपत्रांत ठेवलं आहे. छापील पावतीपेक्षा मला ते जास्त मोलाचं वाटतं. ज्यांना कार्डाने पैसे द्यायचे असतील, जीएसटीचं बिल हवं असेल, वातानुकूलित खोलीत बसून वाट पाहायची असेल, त्यांनी तिथे जाऊ नये.

इंजिन आम्ही चवथीनंतर जोडलं. क्रँकचा मागे-पुढे खेळ तीन थाव, रिंगांची फट दहा थाव, टॅपेटची (वॉल्व्हवरची) फट सतरा. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात मऊ पडून फुगतं, हे मी कार्बोरेटरच्या जुन्या नळीवर स्वतः पाहिलं आहे. प्लग काढून हाताने इंजिन फिरवलं, तेलाचा काटा हलेपर्यंत. मग दसऱ्याच्या सकाळी, स्पॅनरच्या पेटीला आणि गाडीला झेंडूची माळ घालून, नवऱ्याने चोक ओढला आणि मी स्टार्टर. तिसऱ्या प्रयत्नाला लागलं. आधी धूर, जोडताना लावलेल्या तेलाचा, मग एकसारखा आवाज. तो आवाज मला तेहतीस वर्षांनी ओळखू आला. मामी ओट्यावर बसल्या होत्या, त्या उठून आत गेल्या आणि मामांचा फोटो घेऊन बाहेर आल्या.

आता सहाशे किलोमीटर झाले. फर्मागुढीची चढण गाडी न ठोकता चढते, गरम इंजिनावर धावताना तेलाचा दाब पन्नास पाउंडांच्या खाली येत नाही. ट्रेमध्ये रात्रीतून रुपयाच्या नाण्याएवढा डाग पडतो. हेडचे नट पुन्हा कसले, टॅपेट पुन्हा मोजले, दोन जरा सैल निघाले. गिअरबॉक्सच्या दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर अलगद बसवणारा भाग) गेला आहे, घसरतो. मेस्तांना फोन केला, या वेळी त्यांनीच उचलला. म्हणाले, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घेऊन या, आणि शाफ्टची मापं आधी तुम्ही घरी घेऊन ठेवा, मग माझी आणि तुमची जुळवून पाहू.